तळं तुझ्याच बाजूला निघालं

दादा, आपली चाळ होती त्या जागेवरच्या खड्ड्याला पाणी लागलंय.

तुझ्या तेराव्याचं जेवण झालं, पानं उचलली, आणि वहिनीनं बळेबळे हातात दिलेला डबा घेऊन मी शिवडीच्या त्या संक्रमण इमारतीतून दादरला घरी निघाले. टॅक्सीवाल्याला सरळ जाऊ दिलं असतं तर मला काही कळलंही नसतं. पण घरी जावंसं वाटेना, म्हणून परळला आपल्या गल्लीच्या तोंडाशी उतरले. पत्र्याच्या कुंपणाला वॉचमनच्या खुर्चीजवळ हातभर फट आहे. तिथून आत डोकावले. टॉवरच्या तळघरासाठी खणलेला भलामोठा खड्डा आणि त्यात कमरेइतकं पाणी. दोन पंप धडधडत होते. वॉचमन म्हणाला, "मॅडम, आठ दिन से निकाल रहे हैं. शाम को खाली, सुबह फिर उतना का उतना." आणि ज्या कोपऱ्यात आपल्या चाळीचा नळ होता, बरोबर त्याच्या खाली, खड्ड्याच्या भिंतीत काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या दिसत होत्या. पाण्यात उतरणाऱ्या.

तळं तुझ्याच बाजूला निघालं, दादा. मी चुकले होते.

‘मी चुकले’ हे वाक्य मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? नवऱ्याला नाही, हेडबाईंना नाही, वर्गातल्या पोरांना तर नाहीच. लाल पेन घेऊन तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या की आपली चूक दिसायची बंद होते. आता एकदाची कबूल करायला बसले, तर ऐकणाराच उठून गेला. ही तुझी जुनी खोड. भांडण रंगात आलं की तू चप्पल घालून खाली जायचास.

सगळं सुरू झालं त्या पुस्तिकेपासून. शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून हेडबाईंनी मला चौथीच्या मुलांसाठी लिहायला सांगितलं, ‘आपला विभाग : इतिहास आणि भूगोल’. बत्तीस पानं. पहिलं वाक्य मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, "आपले शहर हे तळ्यांच्या काठी वसलेले शहर आहे." तू ते गॅलरीत उभा राहून मोठ्यानं वाचलंस आणि हसत सुटलास.

"बरोबर आसा गो बाय. तळ्याच्याच काठार आसा. काठ तेवढो शहापूराक गेलो."

मी चिडले, पण बोललास ते खरंच होतं. धोबी तलावाला धोबी नाहीत आणि तलावही नाही. गोवालिया टँकवर कुठली गुरं पाणी प्यायला येत नाहीत. डासांनी हिवताप पसरतो म्हणून एकेक तळं भरावानं बुजवत गेले, वर रस्ते आले, चाळी आल्या, आणि शहर पाणी प्यायला लागलं ते दूर शहापूरकडच्या तानशा-वैतरणेचं. काठावर राहणारे आपण, आणि आपलं तळं तीन तालुके पलीकडे. तुझा विनोद मी प्रमाण मराठीत बसवून दुसऱ्या पानावर टाकला. तुझं नाव घातलं नाही. घालायला हवं, हे सुचलंसुद्धा नाही.

भूगोल मला शाळेत कुणी शिकवलाच नाही, दादा. तू पाणी खात्यात लागलास तेव्हा मी सातवीत होते. चावीवाला. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर घेऊन तू रस्त्यातली झाकणं उघडायचास आणि ठरल्या वेळेला एकेका वस्तीचं पाणी सोडायचास. सुट्टीत मला बरोबर न्यायचास. एकदा भर दुपारी लालबागच्या कोपऱ्यावर तू लोखंडी कांब पाइपावर टेकवलीस आणि दुसरं टोक माझ्या कानाला लावलंस. "डोळे मिट. आयक." आधी काहीच ऐकू येईना. तू म्हणालास, भरलेला पाइप गप्प असतो, गळणारा बोलतो. मग ऐकू आला तो आवाज, दूध उतू जायच्या आधी पातेलं करतं तसा. त्या दिवसापासून मला रस्त्याखाली दुसरं शहर दिसायला लागलं. बी.एड.च्या कुठल्याही पुस्तकात ते नव्हतं.

आणि तुझा तो ताठा! आपल्या चाळीला पाणी कमी आलं की सगळी गॅलरी टोमणे मारायची, "चावीवाल्याच्या घरातच कळशी रिकामी." आई तर तुझ्याशी बोलणं टाकायची. पण तू आपल्या चाळीसाठी चावीचा अर्धा फेराही कधी जास्त फिरवला नाहीस.

बाबांच्या छातीत गिरणीतला कापूस बसला तेव्हा तू नववीत होतास. दोघांना शिकवणं घराला झेपणारं नव्हतं. त्यावर घरात बोलणं झालेलं मला आठवतच नाही. एवढंच आठवतं, की एका सकाळी तुझं दप्तर माझ्या खुंटीला लावलेलं होतं. आत तुझं नकाशांचं पुस्तक होतं. पहिल्या पानावर तुझं नाव होतं, त्यावर तू एकच सरळ रेघ मारली होतीस आणि खाली माझं नाव लिहिलं होतंस. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. तू शिवडीच्या गोदीत ओझी उचलायला गेलास आणि मी ते पुस्तक घेऊन शाळेत गेले.

हे सगळं माहीत असताना मी तुला ते वाक्य बोलले.

पुस्तिकेच्या नवव्या पानाचं काम चाललं होतं. विषय होता आपल्या वस्तीतलं बुजवलेलं तळं. मला ग्रंथालयातून एका जुन्या नकाशाची झेरॉक्स मिळाली होती. त्यात मारुतीचं देऊळ होतं आणि देवळाच्या पाठीमागे तळं. आजचा रस्ता त्या नकाशात नव्हताच. पण मारुतीचं देऊळ आहे की समोर, रस्त्याच्या डाव्या हाताला! आणि त्याच्या पाठीमागे काय, तर आमच्या शाळेचं मैदान. म्हणजे शाळा तळ्यावर उभी आहे. मला आभाळ ठेंगणं झालं. शाळेच्या पन्नासाव्या वर्षी ही गोष्ट मी शोधून काढली होती.

मी नकाशा घेऊन तुझ्याकडे आले. तू चष्मा लावून बराच वेळ बघितलंस आणि मान हलवलीस. "तळां शाळेकडे नाय गो. तळां आपल्या चाळीखाली आसा."

मग तू मला त्या ओल्या कोपऱ्याबद्दल सांगितलंस. चाळीच्या नळाजवळची जमीन मे महिन्यातसुद्धा ओली असायची. पाइप गळतोय म्हणून खात्यानं दोनदा खणलं, गळती सापडली नाही. तेव्हा तू त्या डबक्यातलं पाणी बाटलीत घेतलंस आणि तपासायच्या औषधाचे थेंब त्यात टाकलेस. नळाचं पाणी असलं तर त्यातल्या क्लोरीनमुळे ते पिवळं होतं. हे झालं नाही. चार उन्हाळे तू थेंब टाकलेस आणि चारही वेळा पाणी पांढरं स्वच्छ राहिलं. "ह्या पाणी आपल्या खात्याचा नाय. ह्या जमनीचा आसा. ह्या पण लिही पुस्तकात."

मी म्हटलं, "दादा, थेंबांवर इतिहास लिहीत नाहीत. पुरावा लागतो. नकाशात देवळामागे तळं आहे आणि देऊळ तिकडे आहे."

तू अगदी सहज म्हणालास, "मारुती उडान जायत गो. पाणी खंय जातला?"

वहिनी हसली. तुझा नीलेश तेव्हा कॉलेजात होता, तोही खो खो हसला. आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "नववीत शाळा सोडलेल्यानं मला नकाशा वाचायला शिकवू नये."

वहिनी हसायची थांबली. नीलेश उठून गॅलरीत गेला. तू बशीत चहा ओतलास, फुंकर घातलीस, प्यायलास, आणि म्हणालास, "बरां बाय. तू लिही."

मग नेहमीसारखा माझी वह्यांची पिशवी उचलून मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आलास. मला वाटतं दहा मिनिटं आपण तिथे उभे होतो. तेवढ्यात बोलायला हवं होतं. मी बस उशिरा येतात याबद्दल बोलले.

पुस्तिका छापली गेली. पान नऊ : "आपल्या शाळेच्या मैदानाच्या जागी पूर्वी एक तळे होते." तुझा ओला कोपरा मी गाळला.

त्यानंतर बावीस वर्षं झाली. त्या वाक्याचा तू कधी उल्लेख केला नाहीस. तळ्याचा मात्र करायचास. दर भाऊबीजेला मी ओवाळायला बसले की ताटात ओवाळणी टाकताना म्हणायचास, "साडी झाली, आता तळां घालू काय?" मी म्हणायचे, "घाल की, शाळेच्या मैदानातून उचलून आण." सगळे हसायचे. मला वाटायचं, हसण्यावारी गेलं म्हणजे मिटलं. आपण थट्टा करत होतो तळ्याची आणि तळ्याखाली ते वाक्य तसंच पडून होतं.

गेल्या वर्षी चाळ पाडली आणि तुला शिवडीच्या सातव्या मजल्यावर जावं लागलं. तिथे तू सुखी नव्हतास. पाण्याची टाकी गच्चीवर, बटण दाबलं की पंप सुरू. "हय पाणी वरसून येता. कान खंय लावचो?" असं म्हणालास तेव्हा मी हसले. शेवटचं भेटलो तेव्हा तू दारापर्यंत आलास. गुडघे धरले होते, खाली सोडायला येणं तुला जमणार नव्हतं. लिफ्टचं दार बंद होताना म्हणालास, "आता थंय खणतले. मगे बघूया, तळां कोणाच्या बाजूक निघता ता." मी म्हटलं, "बघू, बघू." आणि आठवड्याभरात तू जेवून दुपारचा जरा आडवा झालास तो चहाला उठलाच नाहीस.

दहाव्याला आम्ही तुला घेऊन बाणगंगेला गेलो. शहरातली एवढी तळी बुजली, हे एक राहिलं, आणि तिथेही माणसं जातात ती माणूस गेल्यावर. नीलेशनं पिंड मांडला. बायका सहसा जात नाहीत, मी गेले. मला खात्री होती की कावळा शिवणार नाही. तासभर बसावं लागणार, भटजी म्हणणार की काहीतरी राहिलंय मनात, बोला. आणि मग मला सगळ्यांसमोर बोलावं लागणार, की दादा, त्या दिवशी मी तुला घालून पाडून बोलले, मला माफ कर. मी मनाशी वाक्य तयार करून ठेवलं होतं. वर्गाबाहेर उभं केलेलं पोर करतं तसं.

नीलेश पाच पावलं मागे सरला असेल-नसेल, कावळा आला आणि चोच मारून गेला. सगळ्यांनी हुश्श केलं. "मन मोठं माणसाचं, काही राहिलं नव्हतं," भटजी म्हणाले. वहिनी रडायला लागली. आणि मला तुझा इतका राग आला, दादा! काही राहिलं नव्हतं? माझ्याकडून यायचं ते सगळं राहिलं होतं आणि तू वाटही पाहिली नाहीस. मी त्या पायऱ्यांवर बसून राहिले. नीलेश म्हणाला, "आत्या, चल ना, सगळे थांबलेत." तयार केलेलं वाक्य तसंच घरी परत आलं.

तेराव्याला खड्डा पाहिला आणि तशीच मारुतीच्या देवळात गेले. तेहतीस वर्षं त्या देवळासमोरून शाळेत गेले असेन. कितीतरी शनिवारी तेल वाहिलंय. गुरवांना विचारलं, "हे देऊळ पहिल्यापासून इथेच आहे का हो?"

"छे हो बाई," ते म्हणाले. "माझे आजोबा सांगायचे, रस्ता रुंद केला तेव्हा देव पलीकडून अलीकडे आणला. आत पाटी आहे ना."

पाटी होती. तेलानं काळी झालेली, मूर्तीच्या डाव्या हाताला, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. मुंबईत रस्ता रुंद झाला की देव सरकतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला नकाशा वाचता येत होता, पण दारातल्या देवाला कधी विचारावंसं वाटलं नाही. तुझा मारुती खरंच आपल्या चाळीच्या बाजूनं उडून आला होता. तू विनोदानं बोलला होतास की तुला आतून कळलं होतं, हे आता कुणाला विचारू?

इथे हे संपलं असतं तर मी कसंबसं सहन केलं असतं. पण रविवारी स्नेहल घरी आली. माझ्यानंतर माझा वर्ग जिला मिळाला ती. भेटायला म्हणून आली आणि तुझं कौतुक करत बसली. मी निवृत्त झाल्यानंतरही दरवर्षी परिसरभेटीला ती तुला बोलावत होती, हे तू मला सांगितलं होतंस. कांब घेऊन जायचास, पोरांना पाण्याचा आवाज ऐकवायचास, तेही ठाऊक होतं.

"आणि शेवटी सगळ्यांना मैदानात घेऊन जायचे," ती म्हणाली. "पाय आपटून दाखवायचे. म्हणायचे, इथे तळं होतं."

"कुठे?"

"मैदानात. तुमच्या पुस्तकात आहे तिथेच." मग तिला काहीतरी आठवून हसू आलं. "एकदा एका मुलानं विचारलं, आजोबा, कशावरून? तर म्हणाले, माझ्या बहिणीनं लिहिलंय."

मी पदर डोळ्यांना लावला. तिला वाटलं, तुझ्या आठवणीनं रडू आलं. तेही होतंच.

मी वहिनीला फोन केला. तिला सगळं माहीत होतं. "मी इचारलंय त्यांका. तळां थंय नाय म्हणतास, मगे पोरांका खोटां कित्याक सांगतास? तर म्हणाले, पोरांसमोर बायचा पुस्तक खोटा पाडूचा काय? ती मास्तरीण आसा."

म्हणजे भांडलास ते फक्त माझ्याशी. जगासमोर माझी चूक तू आपली म्हणून खांद्यावर घेऊन फिरलास, ती चावी घेऊन फिरायचास तशी. अर्ध्या फेऱ्याचीही लबाडी न करणारा माणूस, वर्षातून एकदा चौथीच्या पोरांशी खोटं बोलायचा, आणि ते माझ्यासाठी. तुझ्या त्या ‘बरां बाय’चा अर्थ मला बावीस वर्षांनी कळला. कावळा लगेच का शिवला तेही कळलं. तू मला केव्हाच माफ केलं होतंस. पण मी मागितलीच नव्हती रे, दादा. न मागता मिळालेली माफी फार जड असते. ती परतही करता येत नाही.

वहिनीकडून तुझी कांब आणली. कपाटात तुझ्या औषधाची बाटलीही होती, तळाशी थोडं उरलं होतं. वॉचमनला सांगून पंपाच्या पाण्याची एक बाटली भरून घेतली. घरी ओट्यावर दोन पेले ठेवले, एकात नळाचं पाणी, एकात खड्ड्याचं. तू शिकवलंस तसे थेंब टाकले. नळाचं पिवळं झालं. दुसऱ्या पेल्याकडे मी चहा निवेपर्यंत बघत बसले. ते पांढरं स्वच्छच राहिलं.

काल शनिवारी सकाळच्या शाळेची पोरं घेऊन स्नेहलनं मला बोलावलं. अडतीस पोरं, प्रत्येकाच्या हातात माझी पुस्तिका. कांब मी नेली होती. आवाज ऐकवला. मग मैदानाकडे वळायला निघालेली रांग मी थांबवली आणि रस्त्याच्या पलीकडे नेली, पत्र्याच्या कुंपणापाशी. वॉचमननं दार थोडं उघडून धरलं. पोरं वाकून वाकून पाणी बघायला लागली.

"इथे तळं होतं," मी म्हटलं.

पुढे उभ्या असलेल्या दोन वेण्यांच्या मुलीनं लगेच पान नऊ उघडलं. असली एक पोर प्रत्येक वर्गात असते. मीही होते. "बाई, पण पुस्तकात तर मैदानात लिहिलंय."

"पुस्तक मी लिहिलंय. मी चुकले."

पोरांच्या माना पाण्याकडून माझ्याकडे वळल्या. बाई असं म्हणालेल्या त्यांनी ऐकलं नसावं. मुलगी पायऱ्यांकडे बघत होती, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं. "मग इथे होतं, कशावरून?"

माझ्याकडे आता पायऱ्या होत्या, देवळातली पाटी होती, पर्समध्ये ती बाटली होती. तीन-तीन पुरावे.

"माझ्या दादानं सांगितलंय," मी म्हटलं.

तिचं समाधान झालं. तिनं कंपासपेटीतून पट्टी काढली, पान नऊवरच्या माझ्या वाक्यावर एकच सरळ रेघ मारली, आणि वर बघून विचारलं, "बाई, खाली त्यांचं नाव लिहू?"